एक खिडकी, दोन शिक्के

सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

निवृत्त होऊन वर्ष झालं आणि घरात माझं बोलणं ऐकायला एकच माणूस उरला. तो म्हणजे आमचे हे, बाळकृष्णपंत, बँकेतून माझ्याआधीच सुटलेले. "विद्युलता, जे मला सांगतेस ते हिच्यात लिही. वही मान डोलावत नाही, पण झोपतही नाही," असं म्हणून त्यांनी ही डायरी हातात ठेवली. तेव्हा घ्या.

आज नवं काम सुरू झालं. अण्णा नगरमधल्या एका प्रशिक्षण संस्थेत परदेशी अधिकाऱ्यांना कार्यालयाची खिडकी कशी चालवावी ते शिकवायचं. त्यांच्या देशात दहा-बारा वर्षं यादवी चालली. कोर्टकचेऱ्या जळाल्या, नोंदवह्या गेल्या, शिकलेली माणसं पळाली. आता तह झालाय आणि सरकार पुन्हा पहिल्यापासून उभं करायचंय. संस्थेने गुप्ततेच्या कागदावर माझी सही घेतली आहे, म्हणून देशाचं नाव लिहीत नाही. आफ्रिकेत आहे आणि मधून मोठी नदी वाहते, एवढं पुरे. ह्यांना नाव सांगितलं. नवऱ्याला सांगणं गुप्ततेत मोडत नाही.

तिरुवल्लिकेणीहून निघून मेट्रोने सेंट्रल, तिथे गाडी बदलून अण्णा नगर. वाटभर धास्ती होती. मी सांगलीची मुलगी, लग्न करून मद्रासला आले, केंद्र सरकारच्या कार्यालयात क्लार्कची ऑफिस सुपरिंटेंडेंट झाले. जळालेलं सरकार उभं करायला ह्या लोकांना मी काय सांगणार? मला तर आमचं गळकं छप्पर नोकरीभर दुरुस्त करून घेता आलं नाही.

बुधवार, १७ सप्टेंबर

धास्ती गेली. वर्गात उभं राहिलं की मला काही होत नाही, ऐकणाऱ्यांना होतं.

आज त्यांना रांग शिकवली. रांग म्हणजे काय, ती कुठून सुरू होते, ओळखीचा माणूस मधूनच हात हलवायला लागला तर त्याच्याकडे न बघता काम कसं करायचं. सगळे खूप हसले. त्यांच्याकडेही मधूनच हात हलवणारे असतात म्हणे.

दोघांकडे माझं विशेष लक्ष गेलं. मरियामा नावाची चाळिशीची बाई आणि ऑगस्टिन नावाचा उंच, सावकाश बोलणारा माणूस. दोघंही एकाच गावचे आणि दोघंही जन्म-मृत्यू नोंदणीतले. एकाच गावचे असून एकमेकांपासून सगळ्यात लांब बसतात. मरियामा कायम पाठ भिंतीला लावून बसते. पाठीचं दुखणं दिसतंय, उद्या तिला बाम नेऊन देईन. ऑगस्टिनला दाराजवळचीच खुर्ची लागते. त्याला बहुधा एसी सोसत नाही.

माझ्याबरोबर शिकवायला चंद्रमौळी सर आहेत. नगरपालिकेत जन्म-मृत्यूचे निबंधक होते. तंजावरचे मराठी, पूर्वज राजांबरोबर आले म्हणतात, आणि ते राजे कालच भेटून गेल्यासारखं सांगतात. माझं मराठी त्यांना 'सिनेमातलें' वाटतं, त्यांचं मला ताम्रपटावरचं. पण विषयात पक्के. चहाच्या वेळी म्हणाले, "बाई, जन्माची नोंद चुकली तरी खोडूं नये. मूळ अक्षर मारूं नये. बाजूस समास असे, तेथें दुरुस्ती लिहावी, सही करावी, तारीख घालावी. इतकेंच. सरी?"

मी म्हटलं, सरी, म्हणजे बरं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

मरियामाने बाम घेतला, पण जरा गोंधळून. मग मोबाइलवर मुलीचा फोटो दाखवला. आमिनाता, अकरा वर्षांची, दोन शिंगांसारख्या वेण्या, पुढच्या वर्षी शाळेची मोठी परीक्षा. त्या परीक्षेला बसायला जन्मदाखला लागतो आणि हिच्याकडे दाखला नाही. मी थक्क झाले. आई नोंदणी खात्यात आणि मुलगी बिनदाखल्याची.

"असं कसं?" मी विचारलं.

"ती नदीच्या पलीकडच्या इस्पितळात जन्मली," मरियामा म्हणाली आणि फोन पर्समध्ये ठेवला.

ह्या इस्पितळांचं असंच असतं. आमच्या सुनेच्या बाळंतपणातही दाखल्यावर नाव चुकवलं होतं. मी तिला सांगितलं, पाठपुरावा कर, सोडू नकोस.

सोमवार, २२ सप्टेंबर

लिहू की नको असं झालंय, पण वही माझी आहे.

मरियामा आणि ऑगस्टिन यांच्यात काहीतरी आहे. दोघांची एकमेकांवरून नजर हटत नाही. ती उठली की बोलता बोलता त्याचं वाक्य अडखळतं. तो बाहेर गेला की हिचं सगळं लक्ष दाराकडे. चहाला एक उठला की दुसरा मुद्दाम बसून राहतो, लोकांना संशय नको म्हणून. आज तर पॅंट्रीत दोघं अगदी हळू आवाजात बोलत होते. मला बघताच गप्प झाले आणि दोन दिशांना गेले.

मरियामाचा नवरा शाळामास्तर आहे. तिकडे तो बिचारा मुलीच्या वेण्या घालतोय.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू डोळे तपासून घे." पण मीही कॉलेजात गेलेली आहे, मला हे सगळं कळतं.

मंगळवार, २३ सप्टेंबर

उपाय केला. बसायची जागा बदलली. दोघांच्या मध्ये मोठं कपाट येईल अशी टेबलं लावली आणि गटकामात दोघांना वेगवेगळ्या गटांत टाकलं. चहाच्या सुट्ट्याही वेगळ्या केल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट दोघंही आज मोकळे वाटले. संसार वाचवण्याचं काम असं न बोलता करायचं असतं.

बुधवार, २४ सप्टेंबर

आज माझी शोभा झाली.

आमच्या संचालिका रंजनी, वयाने माझ्या मुलीएवढ्या, तमिळ, फार हुशार आणि फार कमी जेवणाऱ्या. त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि विचारलं, "मॅडम, त्या दोघांना वेगळं तुम्ही केलंत?" मी अभिमानाने हो म्हटलं आणि कारणही हळूच सांगितलं. रंजनी आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग टेबलावर डोकं टेकवून हसल्या. बऱ्याच वेळाने वर बघितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते सगळं हसण्याचं नव्हतं.

तर खरी गोष्ट अशी. त्यांच्या गावातून नदी जाते. युद्धात एक काठ एका बाजूकडे होता, दुसरा दुसऱ्या बाजूकडे. दोन्ही काठांवर वेगळं सरकार, वेगळं नोंदणी कार्यालय, वेगळा शिक्का. मरियामा एका काठाची निबंधक, ऑगस्टिन दुसऱ्या काठाचा. दोघांचाही नियम असा की पलीकडच्या शिक्क्याचा कागद म्हणजे कागदच नाही. ते एकमेकांवर नजर ठेवून होते ते प्रेमाने नव्हे. भिंतीला पाठ लावून बसणंही पाठदुखीचं नव्हतं. मी तिला बाम दिला होता.

आता ८ ऑक्टोबरला त्यांचे उपमंत्री येणार आहेत. तोपर्यंत दोघांनी मिळून एका कार्यालयाची एक योजना सह्या करून दिली तर गावात एक कार्यालय होईल. नाही दिली तर दोन होतील, दोन काठांवर दोन.

"दोन झाली तर काय बिघडलं?" मी विचारलं.

"मग दोन नोंदवह्या, दोन प्रकारची मुलं," रंजनी म्हणाल्या. "अर्ध्यांचा दाखला अर्ध्या देशात चालणार नाही. आणि पुन्हा भांडायला कारण तयारच."

रंजनी इतके दिवस त्या दोघांना जवळ आणायला धडपडत होत्या, पॅंट्रीतलं ते बोलणं म्हणजे त्या धडपडीचं पहिलं फळ होतं. आणि मी मध्ये कपाट लावलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे इतकं हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले, पण जेवण गेलं नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर

कपाट हलवलं. आता चूक निस्तरायची म्हणून सगळ्यांना मरीना बीचवर नेलं. सुंडल, म्हणजे फोडणीचे उकडलेले चणे, घेतलं, शेंगदाणे घेतले, लांब लांब वाळू तुडवली. मरियामा एका टोकाला, ऑगस्टिन दुसऱ्या. मी दोघांना एकाच पुडीतून सुंडल घ्यायला लावायचं ठरवलं होतं. दोघांनीही अत्यंत सभ्यपणे आपापली पुडी विकत घेतली.

परत येताना ऑगस्टिनशी बोलले. मी थेट विचारलं, तिच्याशी बोलत का नाहीस? तो म्हणाला, "मॅडम, बोलतो. पण प्रत्येक गोष्ट कार्यालय कुठल्या काठावर, साहेब कोण आणि कुणाचे दाखले खरे, तिथेच येऊन अडते. पहिल्या दोन गोष्टी सुटतील. तिसरी नाही. माझा शिक्का खोटा होता असं मी म्हणालो तर मी ज्यांना दाखले दिले ती सगळी पोरं खोटी होतात."

मी माझे उरलेले शेंगदाणे त्याच्या हातावर ठेवले. 

मंगळवार, ३० सप्टेंबर

संस्थेत आयुधपूजा झाली. उद्या-परवा सुट्टी म्हणून आजच.

आमच्याकडे दसऱ्याला यंत्राला झेंडूची माळ घातली की लगेच कामाला लागतात. इथे तसं नाही. पूजेला ठेवलेली वस्तू विजयादशमीनंतर पुन्हा पूजा होईपर्यंत उचलायची नाही. रंजनींनी सगळ्यांना सांगितलं होतं, आपापल्या कामाची हत्यारं घेऊन या. टेबलावर संगणक, स्टेपलर, पंचिंग मशीन, चंद्रमौळी सरांचं शाईचं पेन. बाहेर कोहळा, आत चुरमुरे आणि डाळं.

मग मरियामाने पर्समधून एक शिक्का काढून ठेवला. जरा थांबून ऑगस्टिननेही बॅगेतून आपला काढला. येताना कार्यालयाचे नमुने आणायला सांगितलं होतं, म्हणून दोघांनी आणले होते आणि इतके दिवस लपवून ठेवले होते. लाकडी मुठी अगदी एकसारख्या. युद्धाआधी दोन्ही एकाच सरकारी भांडारातून आलेल्या, रबर तेवढं नंतर ज्याने त्याने आपलं लावलेलं. दोघांनी एकमेकांचा शिक्का बघितला.  मरियामाने आपला परत घ्यायला हात पुढे केला.

चंद्रमौळी सर मध्ये आले. त्यांनी तिला इंग्रजीत आणि मग मला उद्देशून आपल्या मराठीत सांगितलं, "पूजेस ठेविलें तें उचलूं नये. कोणाचेंही असो."

मरियामाने हात मागे घेतला. ताण घालवायला कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं, म्हणून मी गंधाची वाटी घेतली आणि प्रत्येक वस्तूला गंध-कुंकू लावत सुटले. शिक्क्यांना जरा जास्तच लावलं, प्रेमाने. मग खोलीला कुलूप.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

सकाळी कुलूप उघडलं, पुन्हा पूजा झाली, आणि मी शिक्के उचलून बघितले. दोन्हींच्या रबरावर गंध वाळून दगड झालेलं. अक्षर म्हणून दिसत नव्हतं. दोन शत्रू काठांची सरकारी मोहर मी एका वाटीत बुजवली होती. कुणाला काही न सांगता बाथरूममध्ये जाऊन जुना टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन घासत बसले. निघालं बाई. पुसले, कोरडे केले आणि दोघांच्या टेबलावर नेऊन ठेवले.

मग खिडकीचा सराव. मरियामा आणि ऑगस्टिन एका काउंटरवर शेजारी शेजारी, तसं रंजनींनीच बसवलं होतं. आम्ही लोक झालो. चंद्रमौळी सर भांडखोर बाप झाले आणि इतके रंगले की त्यांना आवरावं लागलं. मग मी आजी झाले. पदर डोक्यावर घेतला आणि काठीऐवजी छत्री टेकत गेले.

"काय काम आहे?" ऑगस्टिनने विचारलं.

"नातीचा दाखला पाहिजे, बाबा. परीक्षेला बसायचंय."

"नाव?"

ऐनवेळी मला त्यांच्याकडचं एकच नाव आठवलं. "आमिनाता," मी म्हटलं. "अकरा वर्षांची. नदीपलीकडच्या इस्पितळात जन्मली."

ऑगस्टिनचं पेन थांबलं. त्याच्या शेजारी मरियामा एकदम ताठ झाली. मला वाटलं पाठ धरली.

"पलीकडे म्हणजे आमच्या काठावर," तो हळूच म्हणाला. त्याने मरियामाकडे बघितलं. "मग आमचा दाखला मिळाला असेल."

मी आजी, मला काय माहीत? पण मरियामा बोलली, समोर बघत. "मिळाला होता. ट्रंकेच्या तळाशी आहे. मी कधी कुणाला दाखवला नाही. त्या शिक्क्याचे कागद घेऊन किती आया माझ्या खिडकीवर आल्या, मी सगळ्यांना परत पाठवलं. मग माझ्या मुलीचा कसा चालवणार?"

ऑगस्टिनने पेन खाली ठेवलं. "मीही पाठवलं," तो म्हणाला. "तुमच्या शिक्क्याच्या आयांना." मग त्याने माझा अर्ज पुढे ओढला, रकाने भरले, सही केली आणि शिक्का मारला.

मारला आणि तिघंही बघत राहिलो. कागदावर मरियामाच्या काठाचा शिक्का होता. मी सकाळी घासून ठेवताना अदलाबदल केली होती. मुठी सारख्याच, मला कसं कळणार? मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मरियामाने त्या शिक्क्याकडे बघितलं. मग आपल्या पुढ्यातला, म्हणजे त्याचा, शिक्का उचलला आणि शेजारी मारला.

"दोन शिक्के चालणार नाहीत," मागून चंद्रमौळी सर ओरडले. ते अजून बापाच्याच भूमिकेत होते. "कुठला खरा?"

"कुठलाही खोडायचा नाही, तुम्हीच शिकवलंत," मरियामा म्हणाली. "समासात लिहायचं." आणि तिने समासात लिहिलं: दोन्ही मान्य. खाली सही, तारीख. कागद ऑगस्टिनकडे सरकवला. त्याने तिच्या सहीखाली सही केली.

रंजनी कोपऱ्यात उभ्या होत्या, त्यांनी तोंडावर हात घेतला. चंद्रमौळी सर चष्मा पुसायला लागले. मी पदर डोक्यावर तसाच घेऊन उभी होते, काय करावं कळेना, तेव्हा म्हटलं, "मग दाखला कधी मिळेल?" आणि ते दोघं हसले. एकाच वेळी, एकाच गोष्टीवर. मी पहिल्यांदा बघितलं.

शनिवार, ४ ऑक्टोबर

दोघं दिवसभर एका टेबलावर. भांडताहेत, पण आता मोठ्याने. दुपारी चंद्रमौळी सरांनी घरून डबा आणला होता, आंबट आमटी आणि भात. दोघांनी एकाच डब्यातून घेतलं. मी बीचवर एवढा आटापिटा केला तो फुकट.

बुधवार, ८ ऑक्टोबर

उपमंत्री आले. गंभीर गृहस्थ, कुणावर विश्वास ठेवायची सवय राहिलेली नाही असे. योजना दोघांनी मिळून वाचली, एक पान ती, एक पान तो. कार्यालय मरियामाच्या काठावर. साहेब पहिलं वर्ष ऑगस्टिन. जुन्या नोंदवह्या दोन्ही काठांच्या, एका कपाटात. जुना दाखला कुठल्याही शिक्क्याचा असो, समासात नवी नोंद करून मान्य.

उपमंत्री म्हणाले, "लोक हे मानतील का?"

"माहीत नाही," ऑगस्टिन म्हणाला. "पण आम्ही खिडकीवर बसू."

उपमंत्र्यांनी सही केली. मला फार बरं वाटलं आणि फार भीतीही वाटली. इथे वर्गात एसी आहे, आजी खोटी आहे. तिकडे खरी माणसं येणार, ज्यांची घरं ह्याच्या किंवा तिच्या बाजूने जाळली. एका समासात ते किती मावणार? चंद्रमौळी सरांना विचारलं. म्हणाले, "बाई, आपण खिडकी दिली. रांग ते लावतील. परवाइल्लै, चिंता नको."

निरोप घेताना मरियामाने मला मिठी मारली. मी तिला पुन्हा बाम दिला. आता मला ठाऊक होतं, तरी दिला. एवढं खिडकीवर बसायचं म्हणजे पाठ दुखणारच.

रविवार, १४ डिसेंबर

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही कळतच नव्हतं. ऑक्टोबरभर मेसेज, मग एकदम बंद. टीव्हीवर त्यांच्या देशाचं नाव एकदा आलं तेव्हा मी आवाज बंद केला आणि ह्यांनी तो परत मोठा केला. कुठेतरी गोळीबार झाला होता, त्यांच्या गावी नाही. तरी त्या दिवसापासून रोज सकाळी उठल्याबरोबर फोन बघत होते.

आज दुपारी मरियामाचा फोन आला. कार्यालय सोमवारी उघडलं. पहिल्या दिवशी नदीपलीकडून होडी भरून माणसं आली, पण उतरून लांब झाडाखाली उभी राहिली. इकडचीही दुसऱ्या झाडाखाली. खिडकीत ऑगस्टिन, समोर कुणी नाही. मध्ये मोकळं अंगण.

"मग?" मी विचारलं.

"मग मी आमिनाताला ट्रंकेतला कागद दिला आणि म्हटलं, जा, रांगेत उभी राहा. ती म्हणाली, आई, रांग नाहीये. म्हटलं, तू उभी राहा, होईल."

पोरगी एकटी अंगणातून चालत गेली. सगळे बघत होते. ऑगस्टिनने कागद घेतला, त्याच्या स्वतःच्याच शिक्क्याचा, अकरा वर्षांपूर्वीचा. त्याने विचारलं, "जन्म कुठे झाला?"

आमिनाता म्हणाली, "पलीकडे."

"पलीकडे असा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नाही," ऑगस्टिन म्हणाला. "इस्पितळाचं नाव सांग."

तिने सांगितलं. मरियामा म्हणाली, आमिनाता खिडकीपासून मागे वळली तेव्हा तिच्यामागे एक बाई उभी होती. त्या बाईच्या मागे आणखी एक. पहिली ह्या काठाची होती, दुसरी त्या काठाची.

एवढं सांगून मरियामा थांबली.  बराच वेळ आम्ही दोघी फोन कानाला लावून तशाच बसलो होतो. शेवटी हे स्वयंपाकघरातून बाहेर आले, मी गप्प का झाले ते बघायला.